पेपर तपासलात का, मॅडम?

बारा जूनला सकाळी मी रुग्णालयाच्या खिडकीवर तीनशे वीस रुपये भरले. सत्तर नोंदणीचे आणि पाच भेटींचे अडीचशे आगाऊ. पावतीची घडी करून खिशात ठेवली आणि मागे वळलो, तर बायको बाकावर नव्हती. दाराशी जाऊन उभी होती.

"अहो, चला घरी. मला काही झालेलं नाही."

"पैसे भरलेत," मी म्हणालो.

ती मुकाट्याने परत येऊन बसली. जन्मभर शाळेत शिकवून निवृत्त झालेली बाई. भरलेले पैसे वाया घालवणं तिच्या स्वभावात नाही. त्या दिवशी आम्ही अकरा नंबरच्या खोलीत पोहोचलो ते केवळ या एका कारणाने. त्या खोलीत ज्या समुपदेशक मॅडम बसत, त्यांच्याबद्दल मला लिहायचं आहे. लिहिण्याची मला सवय नाही. मी हिशेब खात्यातला माणूस, निवृत्तीला वर्ष-दीड वर्ष राहिलेला. पण काही गोष्टींचं ऋण नुसतं मनात ठेवून भागत नाही.

आमच्या घरी झालं होतं ते असं. बायकोची धाकटी बहीण अचानक गेली. दोघी रोज फोनवर बोलायच्या, आणि बोलण्यात काही नसायचं. आज काय केलंस, दूध उतू गेलं, शेजारीण काय म्हणाली. बहीण गेल्यावर फोन वाजायचा थांबला आणि हळूहळू बायकोचंही सगळं थांबत गेलं. आधी फिरायला जाणं, मग दुकानात जाणं, मग वर्तमानपत्र. जेवायला बसायची, पण ताटात चिवडत राहायची. नेहमीच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, सगळं ठीक निघालं. "शरीर ठणठणीत आहे. आता मनाचं कोणाला तरी दाखवा," ते म्हणाले आणि चिठ्ठी लिहून दिली.

अकरा नंबरची खोली व्हरांड्याच्या टोकाला होती. दोन खुर्च्या समोरासमोर, तिसरी भिंतीला टेकवलेली, खिडकीला निळा पडदा, आणि प्रत्येक फेरीला टक् असा आवाज करणारा पंखा. मॅडम माझ्याच वयाच्या आसपासच्या. अंगाने भरलेल्या, आवाज मोठा, चष्मा कायम कपाळावर चढवलेला. त्यांच्या यजमानांचं चष्म्यांचं दुकान होतं. "ते गावाला चष्मे विकतात आणि मी घरात माझा शोधत फिरते," असं त्या पहिल्याच भेटीत म्हणाल्या आणि माझी बायको हसली. कित्येक महिन्यांनी मी तिला हसताना पाहिलं. मला वाटलं, पैसे वसूल झाले.

मॅडमची पूर्वकथा पुढे त्यांच्याच तोंडून कळली. त्या आधी याच रुग्णालयात नर्स होत्या, शस्त्रक्रियेच्या वॉर्डात. जखमेची पट्टी बदलताना माणसं जे बोलतात ते डॉक्टरांसमोर बोलत नाहीत, हे त्यांच्या लक्षात आलं. छत्तिसाव्या वर्षी, दोन मुलं पदरात असताना, त्यांनी समुपदेशनाचा अभ्यास सुरू केला. थोरल्या मुलीची शाळेची शेवटची परीक्षा आणि आईची परीक्षा एकाच महिन्यात आल्या. मायलेकी एकाच टेबलावर अभ्यास करायच्या. मुलीला जास्त मार्क पडले आणि ती अजून चिडवते. "कार्टी आता स्वतः आई झाली, तरी सोडत नाही," मॅडम म्हणायच्या.

आता त्या कागदाबद्दल. रुग्णालयात वर्षभरापूर्वी नवीन नियम आला होता. समुपदेशनाला येणाऱ्या प्रत्येकाने प्रत्येक भेटीआधी एक प्रश्नावली भरायची. गेल्या आठवड्यात झोप कशी लागली, कामात लक्ष लागलं का, एकटं वाटलं का, असे दहा प्रश्न. प्रत्येकापुढे 'अजिबात नाही' पासून 'जवळजवळ सतत' पर्यंत पाच चौकटी. एकीत खूण करायची. चौकटींना शून्य ते चार गुण. बेरीज जितकी जास्त तितका त्रास जास्त. माणूस खरोखर बरा होतो आहे की नाही हे मोजून बघायचं, असा त्यामागचा विचार.

खिडकीवरची मुलगी पुठ्ठ्याला लावलेला कागद हातात द्यायची. "काकू, पेन्सिल परत आणा हं. लोक पेन्सिली घरी नेतात."

बहुतेक लोक उभ्याउभ्या खुणा करून मोकळे व्हायचे. आमच्या शेजारी बसणारे एक गृहस्थ तर सगळ्या खुणा एकाखाली एक, सरळ रेषेत करायचे. रांगोळीचे ठिपके काढावे तशा. बायको मात्र आधी वरची सूचना पूर्ण वाचायची, मग प्रश्न एकदा, मग पुन्हा, आणि डाव्या हाताने कागद झाकून लिहायची.

"अगं, मी काय कॉपी करणार आहे का?" मी एकदा म्हटलं.

"सवय असते माणसाला," ती म्हणाली.

कागद ती मॅडमच्या हातात द्यायची. मॅडम तो न बघता टेबलाच्या खणात टाकायच्या. "ही आमची जकात," त्या हसत म्हणायच्या. "भरायची आणि पुढे चालू लागायचं." तीन-तीन महिन्यांनी ऑफिसचा माणूस येऊन गठ्ठा घेऊन जायचा.

मॅडमचा त्या कागदावर राग होता. त्यांचं म्हणणं, मी वीस वर्षं माणसांचे चेहरे वाचते, दारातून आत येतानाची चाल बघून सांगते की आठवडा कसा गेला. दहा चौकटी मला काय सांगणार? शेजारच्या खोलीत एक तरुण समुपदेशक होता. तो प्रत्येक पेशंटचा आलेख काढायचा, रंगीत पेनने. मॅडम त्याला शेअर बाजार म्हणायच्या. "काय शेअर बाजार, आज भाव वर की खाली?" तोही बिचारा हसून घ्यायचा.

भेटी चांगल्या चालल्या होत्या. मॅडम मला बहुतेक वेळा शेवटची पाच मिनिटं आत बोलवायच्या, तेव्हा दोघींच्या गप्पांचा शेवट कानावर यायचा. शाळेतले किस्से, हेडमास्तरांची नक्कल. बाहेर पडताना बायकोचा चेहरा उजळलेला असायचा. घरी पोहोचेपर्यंत तो पुन्हा मावळायचा, हे मला दिसत होतं. पण मी स्वतःची समजूत घातली की फरक पडायला वेळ लागतो.

चौथ्या भेटीला मॅडमनी मला आत बोलावलं आणि म्हणाल्या, "साहेब, आनंदाची बातमी. बाईंची गाडी रुळावर आहे. पुढच्या भेटीत आपण हे बंद करू. नियमाप्रमाणे पाचच भेटी मिळतात, आणि बाहेर रांग मोठी आहे. बाई, जमेल ना?"

"जमेल की," बायको म्हणाली. तीही हसत होती.

मी आभार मानले. आम्ही उठलो. बायकोने पिशवी खांद्याला अडकवली, दारापर्यंत गेली आणि तिथेच थांबली.

"मॅडम, एक विचारू? रागावणार नाही ना?"

"अहो, विचारा की."

"माझे पेपर तपासलेत का?"

मॅडमना आधी कळलंच नाही. मग त्या हसल्या. "ते होय! ते ऑफिससाठी असतात हो. मी बघत नाही त्यात. तुम्ही माझ्यासमोर बसलेल्या असताना मला कागद कशाला हवा?"

बायको हसली नाही. शाळेत एखाद्या शिक्षकाची चूक काढताना ती जसा आवाज खाली आणायची, तसा तिने आणला.

"चार पेपर दिलेत मी. पेपर घ्यायचा आणि तपासायचा नाही, हे बरोबर नाही, मॅडम. मुलाने काय लिहिलंय ते कोणीतरी वाचायला हवं. नवव्या प्रश्नाला मी काय लिहिलंय, ते कोणीच वाचलं नाही?"

मला नववा प्रश्न माहीत नव्हता. मॅडमना माहीत होता. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरलेला मी पाहिला. त्यांनी खण ओढला, गठ्ठ्यातून चारही कागद शोधून काढले आणि टेबलावर ओळीने मांडले. कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर आला.

"बसा, बाई," त्या म्हणाल्या. "साहेबांनी थांबावं की बाहेर जावं?"

"थांबू देत. त्यांनाही कळू दे."

मी भिंतीजवळच्या खुर्चीत बसलो. मॅडमनी नववा प्रश्न मोठ्याने वाचला. 'आपण नसतो तर बरं झालं असतं, असं वाटलं.' पहिल्या कागदावर 'कधीकधी' च्या चौकटीत खूण होती. पुढच्या तिन्हींवर 'बरेचदा'.

एकाच छपराखाली राहणारा मी, आणि मला पत्ता नाही.

मॅडम सारवासारव करत बसल्या नाहीत. "चूक माझी आहे," एवढंच म्हणाल्या. मग खुर्ची पुढे ओढली आणि सरळ विचारलं. असं कधी वाटतं? सकाळी उठल्यावर, बायको म्हणाली. स्वतःला काही करून घ्यावं, असं मनात येतं का? तिने मान हलवली. नाही, तसं नाही. फक्त वाटतं की आपल्यावाचून कोणाचं काही अडत नाही. सकाळी डोळे उघडले की वाटतं, अजून एक दिवस आला, आता हा कसा ढकलायचा?

"मग मला तोंडाने का नाही सांगितलंत, बाई? इतक्या गप्पा मारल्या आपण!"

"तुम्ही इतक्या छान बोलत होतात. तुमचा विरस कसा करायचा?" बायको म्हणाली. "आणि कोणी 'कसं आहे' विचारलं की 'बरं आहे' म्हणायचं असतं. तोंडी परीक्षेत मी कायमच पास. पण लेखी खोटं लिहायला हात धजत नाही. जन्मभर दुसऱ्यांचे पेपर तपासलेत मी."

मग ती रडली. बहीण गेली त्या दिवसानंतर मी तिला रडताना पाहिलं ते त्या खोलीत. मॅडमनी उठून बाहेर पुढच्या माणसाला सांगितलं की आज उशीर होईल. ते रांगोळीवाले गृहस्थ होते. "होऊ दे, मला कुठे आग विझवायला जायचंय?" त्यांचा आवाज आत ऐकू आला, आणि रडता रडता बायकोला हसू फुटलं.

त्याच दिवशी मॅडम आम्हाला स्वतः वरच्या मजल्यावरच्या मनोविकारतज्ज्ञांकडे घेऊन गेल्या. औषध सुरू झालं. सकाळची वेळ अवघड, म्हणून सकाळी तिला एकटं ठेवायचं नाही असं ठरलं; मी ऑफिसात सांगून उशिरा जायला लागलो. कधी काही अघटित मनात आलं तर कोणत्या नंबरवर फोन करायचा, तो मॅडमनी कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दिला. तो आम्ही फोनशेजारी चिकटवला. त्याची गरज पडली नाही, पण सकाळी चहा करताना तो मला दिसायचा आणि धीर यायचा. पाच भेटींचा नियमही त्यांनी वरिष्ठांशी भांडून आमच्यापुरता मोडला.

पुढच्या भेटीपासून क्रम बदलला. आत गेल्यावर पहिली गोष्ट म्हणजे पेपर. मॅडम तो समोर ठेवून एकेक उत्तर वाचायच्या. "झोप एका चौकटीने सुधारली. कशामुळे, बाई? एकटेपणा तिथेच आहे. का बरं?" कधी एका खुणेवर अख्खा तास जायचा. बायको घरी येऊन मला म्हणाली, "आता ती बाई खरं शिकवायला लागली."

एक आठवडा असा आला की बेरीज एकदम वाढली. मला बेरजा कळतात. माझं धाबं दणाणलं. बायको तर कागद देताना ओशाळली होती. "मॅडम, या वेळी मी नापास."

"इथे नापास करत नाहीत कोणाला," मॅडम म्हणाल्या. त्या आठवड्यात बायकोने पहिल्यांदा बहिणीच्या फोटोंचा डबा उघडला होता आणि दोन दिवस ती रडत होती. मॅडम माझ्याकडे वळल्या. "साहेब, तुमच्या धंद्यात खर्च वाढला की दरवेळी तोटाच असतो का?"

"नाही. कधी कधी दुरुस्तीचा खर्च असतो."

"मग हा तो समजा."

तीन आठवड्यांनी आकडा उतरू लागला. नवव्या प्रश्नाची खूण आधी 'कधीकधी' वर आली, मग 'क्वचित' वर. ती कुठे आहे हे बायको आता मला स्वतः सांगायची. हाताने झाकणं बंद झालं होतं.

पुढे मॅडमनी एक अवघड गोष्ट केली. समुपदेशकांची या प्रश्नावलीवर बैठक व्हायची होती. त्यांनी बायकोला विचारलं, "तुमचं नाव न घेता माझी चूक तिथे सांगू का?"

"मी येते की," बायको म्हणाली. "नाव कशाला लपवायचं? चूक तर तुमची आहे."

मॅडम इतक्या मोठ्याने हसल्या की शेअर बाजार दारातून डोकावला.

आम्ही दोघं बैठकीत मागच्या खुर्च्यांवर बसलो. आठ-दहा समुपदेशक होते आणि जितकी डोकी तितकी मतं. एक वयस्कर गृहस्थ म्हणाले, माणसाचं वजन करता येतं, दुःखाचं नाही. कागद मध्ये आला की पेशंट माझ्याकडे बघायच्या ऐवजी चौकटीकडे बघतो. एक बाई म्हणाल्या, माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या लोकांना वाचता येत नाही, त्यांना मीच वाचून दाखवते, आणि मग ते मला आवडेल तेच उत्तर देतात. शेअर बाजारने आपले आलेख दाखवले. त्याचं म्हणणं, कोण सोडून जाणार हे त्याला आलेखावरून आधी कळतं आणि तो त्यांना फोन करतो. एकाने सरळच सांगितलं की मी ते भरून घेतो आणि विसरतो. मला सगळ्यांचंच थोडं थोडं पटत होतं.

मॅडम उभ्या राहिल्या आणि आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. शेवटी म्हणाल्या, "मी नर्स होते तेव्हा नुसता हात लावून मला ताप कळायचा. तरी मी थर्मामीटर लावायचे. इथे खुर्चीत बसल्यावर कसली गुर्मी चढली कोण जाणे! थर्मामीटर ताप किती ते सांगतो, का आला ते सांगत नाही. ते विचारायला आपण आहोत. पण आधी तो बघायला तर हवा."

तिथे रुग्णालयाचे प्रशासकही होते. ते खूश झाले. त्यांनी आपली योजना मांडली की प्रत्येक समुपदेशकाच्या पेशंटांची सरासरी काढून दर महिन्याला फळ्यावर लावायची. म्हणजे कोणाचं काम चांगलं ते दिसेल.

मॅडम परत उठल्या. "साहेब, आमचे मार्क फळ्यावर लावणार असाल, तर पुढच्या महिन्यात सगळे पेशंट बरे होतील. कागदावर."

हशा पिकला. तेवढ्यात मागून माझ्या बायकोचा आवाज आला. वर्गात येतो तसा.

"आमच्या शाळेत तपासणी असली की कच्च्या मुलांना सांगायचे, उद्या घरी राहा. निकाल चांगला लागायचा. मुलं कच्चीच राहायची."

ती बसली. जी बाई चार महिन्यांपूर्वी कोपऱ्यावरच्या दुकानात जात नव्हती, ती अनोळखी माणसांनी भरलेल्या खोलीत बोलली होती. प्रशासक "बघू" म्हणाले आणि चहा मागवला. फळ्यावर ती यादी कधी लागली नाही. लावायची नाही असंही कोणी जाहीर केलं नाही.

मी मॅडमचा उपकृत आहे, तो त्यांनी प्रश्नावली वाचली म्हणून नाही. ते त्यांचं कामच होतं, आणि आधी ते त्यांनी केलं नव्हतं, हे बायको आजही सांगते. मी उपकृत आहे तो त्या दुपारसाठी. वीस वर्षांचा अनुभव, बाहेर रांग, समोर नवरा बसलेला. अशा वेळी 'हो, मी बघणारच होते' असं म्हणणं किती सोपं होतं. माझ्या ऑफिसात मी ते शेकडो वेळा ऐकलं आहे, आणि म्हटलंही आहे. त्या तसं म्हणाल्या असत्या, तर बायको मान डोलावून "बरं" म्हणाली असती, पिशवी सावरून माझ्याबरोबर घरी आली असती, आणि त्यानंतर तिने कोणालाच काही लिहून दिलं नसतं. पुढचा विचार मी करत नाही.

शेवटची भेट डिसेंबरात होती. त्या दिवशी मी रजा टाकली होती, पण बायको म्हणाली, "तुम्ही कशाला? मी जाईन बसने." मी दारात उभा राहून तिला रस्त्याच्या वळणापर्यंत जाताना पाहिलं. तिने मागे वळून बघितलं नाही.

परतली तेव्हा चेहऱ्यावर ऊन लागल्याची लाली होती. तिने पेपर दाखवला. मॅडमनी तो आठवण म्हणून तिला देऊन टाकला होता. नवव्या प्रश्नापुढे 'अजिबात नाही'. खाली लाल पेनने बरोबरची खूण आणि मॅडमची सही.

"बस मिळाली वेळेवर?" मी विचारलं.

"मिळाली. पण येताना सुटे पैसे नव्हते माझ्याकडे. मॅडमनी वीस रुपये दिले तिकिटाला."

पुढच्या आठवड्यात मी ते द्यायला गेलो, तर अकरा नंबरमध्ये शेअर बाजार बसला होता. मॅडमची दुसऱ्या गावच्या रुग्णालयात बदली झाली होती, आणि पैसे त्याच्याकडे देऊ का विचारलं तर तो म्हणाला, "छे, मी नाही घेणार. मॅडम माझ्यावरच ओरडतील."

वीस रुपये अजून द्यायचे आहेत.